येथे माळढोकाचे घरटे आहे

सकाळचे आठ. कर्जतकडचा एक उघडा माळ. ज्या पक्ष्याला मोकळं रान लागतं, त्या माळढोकासाठी तिथं वृक्षारोपण सुरू होतं.

आमच्याकडच्या माळढोक बचाव समितीच्या बातम्या मी वर्षानुवर्षं केल्या. छापून आल्या त्या थोड्या. 'हे कुणाला खरं वाटणार नाही' म्हणून संपादकांनी परत केल्या, त्यांचाच ढीग मोठा. हे त्या ढिगातलं.

तर वृक्षारोपण. मी समितीच्या अध्यक्षांना विचारलं, "साहेब, हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो. इथं जंगल झालं तर तो थांबेल का?"

खड्ड्यात माती लोटत, कॅमेऱ्याकडे बघत साहेब म्हणाले, "तुम्ही पत्रकार फार निगेटिव्ह. सावली कुणाला नको असते?"

•

पुढं माळावर 'शांतता क्षेत्र' जाहीर झालं. उद्घाटनाला टेम्पो भरून स्पीकर आले. निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारणारा म्हादूआबा माझ्याशेजारी उभा होता. मी विचारलं, "काय म्हणतोय हो तो?"

"गप ऱ्हावा म्हनतोय," आबा म्हणाला. "पार पल्याडच्या वाडीला ऐकू गेलं आसंल."

•

मग तारेचं कुंपण झालं. आबाची मेंढरं बाहेर, जेसीबी आत. चराई बंद झाली, गवत कमरेला लागलं, झाडं माजली. माळढोकाची मादी कुंपण ओलांडून बाहेरच्या पडीक तुकड्यावर आली. तिथं आता आबाची मेंढरं चरत होती.

समितीची तातडीची बैठक बसली.

"पक्षी हद्दीबाहेर गेलाच कसा?" साहेब कडाडले.

"नोटीस काढू," एक सदस्य म्हणाला.

"कुणाला?"

"मेंढपाळाला."

नोटीस खरंच निघाली. आबानं ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाला, "मी काय त्याला आवतन दिलं न्हाई. तुमीच हाकललं."

•

त्याच पावसाळ्यात मादीनं त्या तुकड्यावर अंडं घातलं. माळढोकाची मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, हे आबाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं मेंढरं लांब वळवली. चुकून कुणाचा पाय पडू नये म्हणून अंड्याच्या चार बाजूंना दगड ठेवले, त्यांना तंबाखूच्या डबीतला चुना फासला, आणि माझ्यासमोर साहेबांना फोन लावला.

"सायेब, लई दिसांनी अंडं हाय. हिकडं कुनाला येऊ दिऊ नगा, एवढंच."

"जागा कशी ओळखायची?"

"पांढरं दगड हायती. पन तुमी येऊच नगा."

"आबा, काळजी सोडा. आजच काम सुरू करतो."

"काम नगं, सायेब."

फोन कट झाला होता.

आठवड्याभरानं मी गेलो. तुकड्यावर भला मोठा लोखंडी फलक उभा होता. 'येथे माळढोकाचे घरटे आहे. कृपया जवळ जाऊ नये.' खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो. मादी कुठं दिसली नाही. आबा मेंढरांकडे पाठ करून बसला होता.

मी साहेबांना फोन करून विचारलं, "अंडं कुठं आहे?"

"माहिती घेऊन सांगतो," साहेब म्हणाले.

फलक अजून तिथंच आहे. त्याच्या पायात ओतलेल्या काँक्रीटमधून चुना फासलेले चार दगड वर डोकावतात.