आजोबांनी जिंकलेल्या दाव्याची नक्कल

आमच्या घरात देवावर एखाद्या वेळी शंका घेतली तर खपून जायचं. पण आजोबांनी शेजाऱ्याविरुद्धचा वाटेचा दावा जिंकला होता, यावर शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. ही वाट आमच्या परसातून निघते, शेजाऱ्याच्या वाडीतून आडवी जाते आणि पाच मिनिटांत नंदाखालच्या देवळाजवळ, म्हणजे आमच्या चर्चजवळ, उतरते. आई पंच्याऐंशीची आहे. सकाळच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, ती काठी टेकत याच वाटेनं जाते. डांबरी रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा आणि अंगावर येणारे पाण्याचे टँकर. तो रस्ता तिच्याच्यानं होणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या नातवानं वाडीतली केळी काढून तिथं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी कॉटेजं बांधायला घेतली. पाहुणे मुंबईहून शांततेसाठी येणार, आणि पहाटे पोहण्याच्या तलावाजवळून एक म्हातारी रोझरी पुटपुटत जाणार, हे त्याच्या जाहिरातीत बसत नव्हतं. त्या घराशी आमचं बोलणं नाही. निरोप गवंड्याकरवी आला : "ईस्टर झाला की कंपाउंडची भिंत घालतोय."

मीही गवंड्याकरवीच कळवलं, "आमच्याकडे कोर्टाचा निकाल आहे. शिक्क्यानिशी दाखवतो."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कागद नसेल तर सख्ख्या भावालाही ओळख दाखवायची नाही, या शिस्तीत माझी हयात गेली. निकालाचा कागद घरात असणारच, असं धरून मी दोन पेट्या आणि एक फडताळ उपसलं. बंद पडलेल्या रेडिओचा परवाना सापडला, कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचा दाखला सापडला, रॉकेलची कुपनं सापडली. आजोबांचा निकाल सापडला नाही. मग कोर्टातून नक्कल काढायची ठरली.

आधी म्हटलं, घरबसल्या होतंय का पाहू. संगणकावर कोर्टाचं पान उघडलं. त्यानं मी माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावली. चौथ्या खेपेला मी माणूस ठरलो. मग कळलं की माझ्या आजोबांच्या काळातले दावे तिथं नाहीतच.

दुसऱ्या दिवशी नक्कल विभागाच्या खिडकीपाशी उभा राहिलो. आतल्या बाई सज्जन होत्या, हे आधीच सांगतो, कारण पुढं मी त्यांच्यावर मनातल्या मनात बराच चिडलो. त्या म्हणाल्या, "अर्जात दाव्याचा नंबर आणि वर्ष लिहा."

"नंबर माहीत नाही. तोच शोधायचाय."

"मग रजिस्टर पाहावं लागेल."

"पाहू द्या की."

"त्यासाठी अर्ज द्यावा लागेल."

"देतो. काय लिहू त्यात?"

"दाव्याचा नंबर आणि वर्ष," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनाच हसू आलं. आयुष्यभर मी काउंटरच्या आत बसून लोकांना हेच ऐकवत आलो होतो. बाहेरून ते कसं लागतं ते त्या दिवशी कळलं. करावं तसं भरावं, दुसरं काय!

शेवटी कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्यानं तोडगा काढला. "अंदाजे वर्ष लिवा आनि 'शोध घेऊन' असं घाला." तो अर्ज चालला. पुढचे तीन आठवडे मी एकेका वर्षाचा शोध मागत राहिलो. दर खेपेला नवा अर्ज आणि कोर्ट-फीचं नवं तिकीट. आई पहाटे मिस्सेला जाऊन यायची आणि मग माझा डबा भरायची. तिकडे भिंतीचा पाया खणून झाला होता. आमच्या वाटेपुरता भाग गवंड्यानं शेवटासाठी राखून ठेवला होता. तेवढीच त्याची माणुसकी.

एकदा बाईंनीच विचारलं, "काका, मी वादींच्या नावांत शोधतेय. तुमचे आजोबा प्रतिवादी तर नव्हते?"

मला भयंकर राग आला. आजोबा पाकीटमार होते का, असंच त्यांनी विचारल्यासारखं वाटलं. जिंकलेला माणूस वादीच असणार, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की दुसरी शक्यता कुणाच्या मनालाही शिवली नव्हती. घरी येताना मात्र डोकं जागेवर आलं. वाट त्यांच्या वाडीतली. चालणारे आम्ही. मग कोर्टात आधी कोण जाणार? तीन आठवडे मी आजोबांना चुकीच्या बाजूला शोधत होतो.

आता शेजारच्या आजोबांचं पूर्ण नाव हवं होतं. ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरात त्यांना एका टोपणनावानंच ओळखत. ते नाव मी इथं लिहिणार नाही, आणि अर्जावर तर लिहिताच येत नव्हतं. म्हणजे ज्याच्याशी लढायचं, त्याच्याच दारात जाऊन त्याच्या आजोबांचं नाव विचारायचं! दोन दिवस मी कच खाल्ली. तिसऱ्या दिवशी गेलो.

नातवानं दार उघडलं आणि तो बघतच राहिला. मी काम सांगितलं. तो म्हणाला, "दादा, कमाल आहे. केस आमच्या आजोबांनी जिंकली होती. घरात सगळे तेच सांगतात. मला पण ती ऑर्डर पाहिजेच होती, वकील मागतोय. पण मी तुमच्या आजोबांच्या नावानं सर्च करत होतो."

"का?"

"हरलेला माणूस आधी सापडेल असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून कोर्टात गेलो. वाटेत मी आडवा धरलेला डबा त्याच्या पाठीला टोचत होता, तरी तो सरकला नाही आणि मीही डबा हलवला नाही.

दोन्ही नावं मिळाल्यावर बाईंना अर्ध्या दिवसात नोंद सापडली. मूळ फाइल नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाली होती, रजिस्टर तेवढं जपलेलं होतं. बाईंनी पान आमच्याकडे वळवलं. निकालाच्या रकान्यात दोनच वाक्यं होती : "उभय पक्ष गैरहजर. दावा काढून टाकला."

आम्ही ती दोनदा वाचली. कुणी जिंकलं नव्हतं, कुणी हरलं नव्हतं, कुणी आलंच नव्हतं. साठ वर्षं दोन घरांनी ज्या विजयावर छाती फुगवली, तो विजय एवढाच! नातू हळूच म्हणाला, "हे वकिलाला कसं दाखवू?" माझं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. शेजारच्या रकान्यात तारीख होती आणि ती माझी जन्मतारीख होती. मी बाईंना ती मोठ्यानं वाचायला लावली. चुकीची निघावी असं का कोण जाणे, वाटत होतं.

चार दिवसांनी गोल शिक्क्याच्या दोन नकला मिळाल्या, एक त्याला, एक मला. तो मला घरी सोडायला आला आणि आईला पाहून पायरीवरच बसला. मी आईला नक्कल वाचून दाखवली. आईचं माहेर समुद्राकडचं, तिची बोली अजून तिकडचीच आहे. ती हसायला लागली.

"गैरहजर कसले? गाडीत होते दोघं," ती म्हणाली. "आळीत बैलगाडी एकच, ह्याच्या आज्याची. कोर्टाच्या तारखेला दोघं त्याच गाडीतनं जायचे. एक पुढं, एक मागं पाय सोडून, पाठीला पाठ. त्या दिवशी पहाटे मला कळा लागल्या. तुझा बाप मुंबैला गिरनीत. सुइनीनं हात टेकले. मग ह्याच्या आज्यानं कागदांची पिशवी खाली फेकली आनि मला गाडीत घेतली. तुझा आजा बैलांच्या पुढं धावत होता, लोकांना बाजूला करत. दुपारपर्यंत दोघं दवाखान्याच्या दारात बसून. तू झालास तवर कोर्टात पुकारा होऊन गेला होता."

"मग जिंकलं कोण?" नातवानं विचारलं.

"घरी येऊन दोघांनी सांगितलं, मी जिंकलो. मी सून. मी कशाला बोलू? पुढं केळीच्या घडावरनं परत भांडले, ते मरेपर्यंत."

नातवानं आपली नक्कल काढून तारीख पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "काकी, मग ती वाट?"

"वाट तुझ्या आज्यानं मला गाडीतनं उतरवताना दिली. म्हनाला, पोराला घेऊन ह्याच वाटेनं देवळात जा."

त्यानं नकलेची घडी घातली आणि खिशात ठेवली. "भिंतीत माणूस जाईल एवढी जागा सोडतो," तो म्हणाला. "पाहुण्यांना सांगेन, सकाळी रोझरी असते, पॅकेजमध्ये आहे." तो गेल्यावर मला रडू येईल असं वाटत होतं, पण आधी आला तो राग.

"आई, हे आधी का नाही सांगितलंस? मी महिनाभर कोर्टात हेलपाटे घालतोय!"

"तू म्हनालास, तोंडी बोलन्याला किंमत नाय, शिक्का पायजे. माझ्याकडं कुठला शिक्का?" ती काठी शोधत उठली. "महिनाभर रोज डबा भरून दिला तुला. त्या खिडकीतल्या बाईला रोज विचारायचास. मला एकदा तरी विचारलंस?"