नेफ्यातलं बीळ

धुलाईत नाड्यांचा गुंता होतो, म्हणून धुण्याआधी सगळ्या पायजम्यांच्या नाड्या ओढून काढाव्यात, ही सूचना माझी. नोकरीला लागून नऊच दिवस झाले होते आणि डोकं चालवून दाखवायची घाई होती. त्यामुळे त्या मंगळवारी इस्पितळाचे चारशे पायजमे स्वच्छ, कोरडे आणि बिननाडीचे परत आले. पेशंट एका हाताने सलाईनचा दांडा आणि दुसऱ्या हाताने अब्रू धरून चालू लागले.

साहेबांनी निकाल दिला. चार वाजेपर्यंत सगळ्या नाड्या ओवल्या गेल्या नाहीत तर उद्यापासून इलॅस्टिक. इलॅस्टिक म्हणजे नाडीमावशी घरी.

नाडीमावशी एकतीस वर्षं कपडाखोलीत धुलाईत निसटलेल्या नाड्या परत ओवायचं काम करत आली. नाडीच्या टोकाला पितळी सेफ्टी पिन लावायची, नेफ्याच्या एका तोंडातून आत सारायची आणि चिमटीने पुढे ढकलत, कंबरभर फिरवून दुसऱ्या तोंडातून काढायची. पिन पहिल्या दिवसापासून तीच. जावई पसंत करताना मावशीने त्याला पगार विचारला नव्हता, गाठ कशी मारतोस ते विचारलं होतं.

अकराला सुरुवात केली. मिनिटाला एक. दोन वाजता दोनशेवीस पायजमे उरले होते आणि मिनिटं एकशेवीस. मी मदतीला बसलो, तर माझी पिन आतच उघडली.

"विज्ञाना, तू हात लावू नकोस. नुसता बोल," मावशी म्हणाली. शाळेत मला विज्ञानात चांगले मार्क होते, हे मीच तिला सांगून बसलो होतो.

"मावशी, अवकाशालाही असा नेफा असू शकतो म्हणतात. एका तोंडातून शिरायचं आणि कंबर न फिरता लगेच दुसऱ्या तोंडातून बाहेर. पुस्तकात त्याला कृमिविवर म्हणतात, आपण बीळ म्हणू. अजून कुणी पाहिलेलं नाही, सगळं कागदावर."

"आणि होतं कसं ते?"

"फार जवळून पाहिलं तर अवकाश फेसासारखं असावं. त्यात बारीक बिळं सारखी उघडत, मिटत असतील. एखादं पकडून ताणलं तर..."

"ताणायला काय लागतंय," म्हणत मावशीने नेफ्याच्या तोंडात दोन्ही अंगठे घालून सवयीने ताण दिला. पिन आत गेली आणि तत्क्षणी दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. नाडी मात्र नीट कंबरभर. कशी ते विचारू नका, मावशीनेही विचारलं नाही. बीळ टेबलावरच्या त्याच जागी होतं, पायजमा तिथे धरला की काम झालं. पाच झाले, सहा झाले. सातव्याला भोक आवळायला लागलं.

"मिटतंय रे हे."

"मिटणारच. साधी वस्तू, साधी ऊर्जा, सगळं आतच ओढतं. उघडं ठेवायला रिकामेपणाहूनही उणं असं काहीतरी हवं."

मावशीने विचारलं, "रिकाम्या खोलीत काम किती होतं?"

"शून्य."

"आणि साहेब आत असताना?"

"झालेलं उसवावं लागतं."

"मग शून्याहून कमीच की. जा, बोलाव."

साहेब आले, टेबलाला टेकले आणि म्हणाले, "ही थप्पी डावीकडे का? परत मोजा." भोक बशीएवढं झालं. "नाड्या पांढऱ्याच का?" परातीएवढं. मावशी दोन्ही हातांनी ओवत होती, मी थप्प्या उजवीकडे नेत होतो आणि साहेब हरकती घेत होते. इस्पितळात इतकं एकदिलाने काम कधी झालं नसेल.

चारला पाच मिनिटं कमी असताना मावशीने चारशेवा पायजमा धरला. नाडीचं टोक बाहेर आलं, तिने ते पिनेतून सोडवलं आणि पिन सवयीने बिळाच्या काठावर ठेवली. साहेबांनी थप्प्यांकडे पाहिलं आणि मावशीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबाच्या तोंडून निघालं, "छान."

बीळ फट्कन मिटलं. पिनेसकट.

इलॅस्टिक बारगळलं. मावशी अजून तिथेच बसते, गवताच्या काडीने नाड्या ओवते आणि मिनिटाला एकाऐवजी दोन मिनिटांना एक करते. मी दुसऱ्याच दिवशी डझनभर पिना आणून दिल्या होत्या.

"या नकोत," ती म्हणाली. "तुझ्या बडबडीत गेली ती आण."

बिळाचं दुसरं तोंड कुठेही उघडलेलं असू शकतं. म्हणून मी दिसेल त्या नेफ्यात बोट घालून पाहतो. चारही वॉर्ड झाले, घरचे पडदे झाले. साहेबांचा तेवढा राहिलाय.