शवासनाची परीक्षा

काल भाचीने योगाची नवी चटई उलगडली आणि त्या रबरी वासासरशी माझं डोकं पुन्हा तापलं. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. बिदरला लागूनच असलेल्या कोळारच्या कारखान्यात रात्रपाळी करून मी तसाच बिदरच्या कॉलेजात जायचो. हिशेबाचे सगळे पेपर पहिल्या वर्गात निघाले होते, पण पदवी हवी तर योगही सक्तीचा, आणि त्याची परीक्षा नेमकी सकाळी. खाली गार शहाबादी फरशीवर अशीच रबरी चटई, वर संथ पंखा. सगळी आसनं मी नीट केली. शेवटी सर म्हणाले, "आता शवासन. अंग सैल सोडा, मेल्यावानी पडा." मी पडलो. जाग आली तेव्हा सर दंड धरून हलवत होते. "परीक्षेत झोपायलास व्हय रे?" "सर, तुम्हीच म्हणलाव की, मेल्यावानी पडा!" "पडा म्हणलो, झोपा न्हाई!" नापास. एका डुलकीपायी पदवी वर्षभर अडली. पुढच्या वर्षी डोळे ताणून पडलो, तेव्हा कुठे सुटलो. पदवी मिळाली, तिच्यावर दिवसपाळीचं कामही मिळालं. आता रात्री वेळेवर आडवा होतो, अंग सैल सोडतो आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत राहतो. सरांना हवं होतं तसलं शवासन आता रोज जमतंय.