बठ्ठा की बैठा

चाचांनी फोनवर सांभाळून घेतलं म्हणून फैजपूरच्या त्या घरातली व्हिडिओ गेमची जुनी पेटी भंगारात गेली नाही. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट रंगात आली की उपकार सांगायचे राहून जातात.

मी साक्रीकडचा. शाळा नववीत सुटली. जळगावात चाचांच्या दुकानात या पेट्या दुरुस्त करायला शिकलो. एकेकाळी पार्लरमध्ये नाणं टाकून चालायच्या, आता हौशी लोक घरात ठेवतात. चाचांना ऐकू कमी येतं आणि मला धास्ती जास्त, असं आमचं दुकान.

फैजपूरला पहिल्यांदाच एकटा गेलो होतो. खोलीला लागून केळीची बाग. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा होऊन भिंतीवर हलत होता, जणू मी विहिरीच्या तळाशी बसलोय. घरातल्या नानांनी तरुणपणी पार्लर चालवलं होतं, त्यातली ही शेवटची पेटी. मुलांना तिथे फ्रीज ठेवायचा होता. आज चालली तर राहील, नाहीतर संध्याकाळी भंगारवाला नेईल, असं घरात ठरलेलं.

पेटी लावली की पडद्यावर चांदण्या उगवायच्या, आणि खेळ सुरू होण्याआधीच काळोख. मग पुन्हा चांदण्या. तेच स्वप्न झोपेत परत परत पडावं तसं. सप्लायवर, म्हणजे पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मीटर लावला. पाच व्होल्ट पुरते होते. चाचांना फोन केला. घाबरलो की माझ्या तोंडी गावची बोली येते.

"चाचा, सप्लाय बठ्ठा शे."

आमच्याकडे बठ्ठा म्हणजे सगळा, पुरता; शे म्हणजे आहे. चाचांना ऐकू आलं 'बैठा', आणि दुकानात बैठा म्हणजे मेलेला. ते म्हणाले, बदलून टाक. मी बदलला. नव्या सप्लायवरही चांदण्या उगवल्या नि विझल्या. आता उरला व्होल्ट वाढवायचा बारीक स्क्रू. तो जरा जास्त फिरला तर खेळाचा बोर्डच जळतो, आणि तसला बोर्ड आता मिळत नाही. पेचकस टेकवला आणि न फिरवताच काढून घेतला. पुन्हा फोन केला.

"नवा भी बैठा?"

"नाही चाचा. बठ्ठा. म्हणजे सगळा."

चाचा खोकला येईपर्यंत हसले.

"अरे, सगळा होता तर काढला कशाला? मोजलास कुठं, सप्लायवर? ते ओठातलं झालं. पोटात मोज."

पोट म्हणजे बोर्ड. तिथे व्होल्ट कमी भरले. मधल्या वायरीचा सांधा काळा पडला होता; सप्लायवरून पाच निघायचे आणि वाटेतच मुरायचे. वायर बदलली, नानांचा जुना सप्लाय परत जागेवर बसवला.

नाना दारातून ऐकत होते. म्हणाले, "याची बोली जळगाववाल्याले समजत नाही, मशीनले काय समजल."

मशीनला समजलं. चांदण्या उगवल्या आणि राहिल्या. नाना खुर्ची ओढून बसले ते उठलेच नाहीत. संध्याकाळी भंगारवाला आला, तो त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून बघत बसला. फ्रीजचं नाव कोणी काढलं नाही.

चाचांच्या दुकानात कोपऱ्यात त्यांची स्वतःची पहिली पेटी बंद पडून आहे. गिऱ्हाइकांच्या कामात तिच्यासाठी त्यांना कधी सवडच झाली नाही. एक दिवस ती मी चालू करणार. तेव्हा फोन करणार नाही, त्यांच्या कानाशी जाऊन सांगेन: चाचा, बठ्ठा शे. पोटात मोजलाय.