हिरवी वायर कोणी काढली?

तिसऱ्यांदा बोर्ड ट्रिप झाला तेव्हा रमेशभाऊ स्टेजच्या खालूनच ओरडले, "मॅडम, तुमचा डब्बा काढा बरं तिथून! साऱ्या स्टेजची लाईन घालवून राहिला तो."

अकोल्यातलं एक लॉन. संध्याकाळी लग्नाचं रिसेप्शन आणि त्यात रमेशभाऊंचा ऑर्केस्ट्रा. दुपारचे चार वाजले होते. 'डब्बा' म्हणजे मी बनवलेला गिटारचा रॅक. अमरावतीहून तो गाडीत घालून मी स्वतः लावून द्यायला आले होते.

रॅक म्हणजे चाकं असलेली प्लायवूडची मजबूत पेटी. आत दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात. त्यांवर गिटारवाल्याची आवाज वाढवायची-बदलायची सगळी यंत्रं स्क्रूनं एकावर एक बसवायची. जड खाली, हलकं वर. नाहीतर वळणावर पेटी कलंडते. आतल्या वायरी कायमच्या जोडून टाकायच्या. मग कार्यक्रमाच्या ठिकाणी झाकण काढायचं, लाईटची एक पिन लावायची, समोरच्या भोकात गिटारची वायर खुपसायची, मागून साऊंडवाल्याच्या मिक्सरकडे वायर न्यायची, की झालं.

दिनेश या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे तेव्हा तो माझा विद्यार्थी होता. रॅक नव्हता तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याचा अर्धा तास नुसता वायरींचा गुंता सोडवण्यात जायचा. निवृत्तीनंतर मी हीच कामं करते हे त्याला कळलं आणि त्यानं हा रॅक माझ्याकडून करून घेतला. आठ दिवसांत हवा म्हणून रोज फोन.

"रमेशभाऊ, रॅक दोन दिवस माझ्याकडे सुरू होता," मी म्हणाले. "काही झालं नाही. दोष या लॉनच्या बोर्डात असेल."

"तुमचा डब्बा लावायच्या आधी बोर्डाले काही होत नव्हतं."

"मॅडम, मी पाहतो ना," मंडपाचा इलेक्ट्रिशियन सुधाकर मध्येच बोलला. "पाच मिनिटं द्या मले."

"काही करू नका. मी मेन बोर्ड पाहून येते, तोवर रॅकला हात लावू नका," मी म्हणाले आणि लॉनच्या मागे गेले.

मेन बोर्ड उघडून पाहिला. मला तिथं दोष सापडायलाच हवा होता, इतका राग आला होता. पण बोर्ड ठणठणीत होता. अर्थिंग तर आपल्याकडे क्वचित दिसतं इतकं चांगलं.

परत आले तर स्टेजवर सगळे खूश. रॅकचे दिवे सुरू. बोर्ड ट्रिप होत नव्हता.

"झालं ना मॅडम?" सुधाकर म्हणाला. "तुमी उगाच टेन्शन घेता."

"काय केलं तुम्ही?"

"काही नाही. लाईन सुरू केली."

आपोआप बिघडलेलं आपोआप सुधारत नाही, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. मी खाली पाहिलं. एक्स्टेन्शन बोर्डाचं झाकण उघडं होतं आणि बाजूला हिरव्या वायरचं टोक मोकळं लोंबत होतं.

हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून करंट उतरला तर तो या वायरीतून जमिनीत जातो आणि बोर्ड लगेच ट्रिप होतो. वायर काढली की ट्रिप होणं थांबतं. करंट मात्र थांबत नाही. तो त्या लोखंडातच बसून राहतो, कोणीतरी हात लावेल याची वाट पाहत.

दिनेश रॅकसमोर उभा होता. स्टेजच्या पाया पडून चढायची त्याची सवय, म्हणून बूट खाली काढलेले. धूळ बसावी म्हणून गालिच्यावर नुकतंच पाणी शिंपडलं होतं. गळ्यात गिटार, डावा हात तारांवर, उजव्या हातात वायरीचं टोक. ते तो समोरच्या भोकात घालणार होता.

"दिनेश! हात लावू नको!"

माझा आवाज असा निघाला की खाली खुर्च्या मांडणारे थांबले. दिनेश तसाच उभा राहिला.

मी मीटर काढला. एक टोक रॅकच्या पट्टीला, दुसरं स्टेजच्या लोखंडी पाईपला लावलं. दोनशे एकतीस व्होल्ट. गिटारच्या तारा वायरीतून याच लोखंडाला जोडल्या जातात. म्हणजे पुढच्या क्षणी तारांतही दोनशे एकतीस, आणि दिनेशचे पाय ओल्या गालिच्यावर.

मी आधी पिन उपटली. मग सुधाकरकडे वळले. त्याच्याशी आतापर्यंत अहो-जाहो बोलत होते, ते संपलं.

"हिरवी वायर तू काढली?"

"मॅडम, इकडं सारे असंच करतात. वीस वर्षं झाली मले या धंद्यात. अजून कोणी मेलं नाही."

"मेलेला सांगाले येते काय तुले? हा पाह्य आकडा! पाह्य! पोराच्या हातात तारा हाय आन् पाय ओले हाय. काहून काढली वायर?"

"भाऊनंच म्हटलं, कसंबी सुरू कर."

मी रमेशभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, आवाज कमी करा. पाहुणे येऊन राहिले."

त्या वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मी रॅकची मागची बाजू उघडली. एक-एक यंत्र बाहेर काढून मीटर लावत गेले. सगळ्यात खालच्या खणात सापडलं. लाईटची वायर लोखंडी पट्टीच्या कापलेल्या कडेवरून आत येत होती. अमरावती ते अकोला गाडी हादरत आली, वायर त्या धारेवर घासत राहिली. वरचं प्लास्टिक फाटून आतलं तांबं पट्टीला टेकलं होतं.

लोखंडाच्या कडेवरून वायर नेताना तिथं रबरी कडं बसवायचं असतं. छोटीशी वस्तू. ती न बसवल्याबद्दल मी पोरांना वर्गाबाहेर काढलं आहे. या रॅकमध्ये ती मी बसवली नव्हती. घरातली संपली होती, दुकान बंद होतं, दिनेशचे फोन सुरू होते. नंतर बसवू म्हटलं आणि विसरले.

टेप गुंडाळून झाकण लावलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मी सुधाकरला बोलावलं आणि फाटलेली वायर दाखवली. "ही चूक माझी आहे."

"म्हणजे दोष तुमच्याच डब्ब्यात निघाला," रमेशभाऊ म्हणाले. "आन् एवढं बोलल्या त्याले."

"दोष माझा. पण बोर्ड तो तीनदा सांगत होता. तुम्ही दोघांनी त्याचं तोंड दाबलं. ते माझ्या खात्यात टाकू नका."

रमेशभाऊ फोनवर बोलत निघून गेले. दिनेश खाली उतरून बूट घालत होता. "मॅडम," तो म्हणाला, "मी वायर लावूनच राहिलो होतो."

लॉनला पाणी घालायची जुनी रबरी नळी पडली होती. तिचा तुकडा कापून कडेवर बसवला. वायर नवी टाकली. हिरवी वायर सुधाकरला माझ्यासमोर लावायला सांगितली. त्यानं ती लावली आणि स्क्रू दोनदा आवळला. पुन्हा मीटर लावला. शून्य. बोर्ड ट्रिप झाला नाही. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. दिनेश बूट घालून वाजवायला उभा राहिला.

रमेशभाऊंनी त्यानंतर मला काम दिलं नाही. दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. सुधाकरचा मात्र महिन्याभरानं फोन आला. दुसऱ्या एका मंडपात बोर्ड ट्रिप होत होता, काय तपासू म्हणून विचारत होता. मी सांगितलं. राग तेव्हाही होता, तरी सांगितलं.

आता रॅक तयार झाला की मी तो लगेच देत नाही. गाडीत घालते, परतवाड्याच्या बाजूला खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणते आणि मग मीटर लावते. वर्कशॉपमधल्या टेबलावर सगळंच चांगलं चालतं.