निर्जंतुक दही

इनक्युबेशन रूमचं दार उघडलं, तर दीडशे कपांत दूध. काल दूध, परवा दूध, आजही दूध. कपावर मात्र ऐटीत छापलेलं: प्रोबायोटिक दही.

काशीदच्या रिसॉर्टच्या मॅडमनी शेठना बजावलं होतं, उद्या दही आलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. शेठनी मला बजावलं होतं, दही लागलं नाही तर बॅग भर. बॅग भरायला पाच मिनिटं पुरली असती. हिंगोलीला जाऊन काय सांगायचं, हा प्रश्न होता. आठवीत शाळा सोडलेल्याला 'कल्चर ऑपरेटर' म्हणणारा, वर राहायला खोली देणारा मालक परत कुठे मिळणार?

कल्चर म्हणजे विरजणच, फक्त पाकिटात येतं आणि फ्रीजरमध्ये राहतं. त्यात निवडक जिवंत जंतू असतात. बेचाळीस डिग्रीच्या दुधात सोडायचे, सहा तास उबेत ठेवायचं. याला इनक्युबेशन म्हणतात. खरं काम जंतू करतात, आम्ही नुसते हमाल.

शेठ ग्रॅज्युएट, पण मूळचे ट्रकवाले. गाडी बंद पडली की एकेक पार्ट बदलायचा, ही त्यांची पद्धत. पाकीट बदललं. थर्मामीटर बदलला. मग मला बदललं. माझ्या हाताला गुण नाही म्हणून भांडी धुणाऱ्या कल्पनाताईंना विरजण घालायला लावलं. तरी दूधच.

"चला, आता दोघांच्या हाताला गुण न्हाय," ताई म्हणाल्या.

भांडी तेवढी कुणी तपासली नव्हती. भीतभीत ताईंना विचारलं, भांडी कशाने धुता? शेठनी नवीन जंतुनाशक आणलंय म्हणाल्या. वरून पाणी मारायचं नाही, पावर जातो, अशी शेठची ताकीद. मी कॅन उचलला. मागे मराठीत छापलं होतं: वापरानंतर भरपूर पाण्याने धुवा.

शेठना दाखवलं.

"मॅडम बघायला येनार म्हणून आणला," शेठ म्हणाले. "एकपन जंतू न्हाय ठेवला मी."

"शेठ, आपण जंतूच विकतो."

"ते आपले. मी बाहेरचे मारीत होतो."

"औषध गाव विचारत नाही, शेठ."

बोललो आणि घाम फुटला. मीच बाहेरचा.

दुपारी माझ्या खोलीतला डबा गरम पाण्याने धुतला. तेच दूध, तेच पाकीट. संध्याकाळी डबा तिरका केला, दही हललं नाही. ताईंनी सगळी भांडी पाण्याखाली धरली. सकाळी टेम्पो काशीदला गेला.

शेठनी मॅडमना सांगितलं, क्वालिटीसाठी तीन दिवस माल रोखला होता. मी मान डोलावली. नोकरी राहिली, खोली राहिली, उपकार आहेत.

एवढं कळलं, की कॅनच्या मागचं वाचायला आठवीपर्यंतचं शिक्षण पुरतं. शेठ ग्रॅज्युएट आहेत, त्यांना वाचायची गरज पडत नाही.