बायकांच्या गॅलरीतला शेवटचा बाक

भूतबित मी मानत नाही. देव मानतो, तोही सणापुरता. अंगात आलेल्या एका बाईला मी तोंडावर म्हटलंय, "दमली असशील तर बस गं खाली." तेव्हा म्हातारा काहीबाही बरळतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मला काही विकायचं नाही.

माझी मुलगी मालती पुण्यात दिलेली आहे. ती या ग्रुपवर येणारे सगळ्यांचे अनुभव मला फोनवर वाचून दाखवते. माझं ऐकल्यावर म्हणाली, अप्पा, तुम्हीही लिहा. मी तंजावूरचा. मराठा राजांच्या वेळेपासून आमच्या घरात मराठी बोलतात, पण माझी शाळा पाचवीपर्यंत आणि तीही तमिळ. देवनागरी वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली तेवढीच. मी कागदावर लिहितो, फोटो काढून पाठवतो, ती टाइप करते. काने-मात्रे तिचे, बाकी चुका माझ्या.

आधी जागा सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही.

आमच्या गावात संगीत नाटकांचं एक जुनं मोठं थिएटर आहे. दारावर इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण लोक म्हणतात कोट्टगै. म्हणजे मांडव. सुरुवातीला तिथं झावळ्यांचा मांडवच होता. एका तांदळाच्या गिरणीवाल्याला गाण्याचं वेड, त्यानं तो उभा केला. दोन पावसाळ्यांत कुजला. मग त्यानं ईर्षेनं पक्कं बांधलं — लोखंडी खांब आगगाडीनं आणले, सागवान बर्माचं. वर कौलं, पण आतून फळ्यांचं छत, उपड्या होडीसारखं वाकवलेलं. गॅलरी तिन्ही बाजूंनी, घोड्याच्या नालासारखी. पुरुषांनी खाली बसायचं, बायकांनी वर, त्यांचा लाकडी जिना वेगळा, बाजूच्या गल्लीतून. रंगमंच प्रेक्षकांकडे किंचित उतरता, मागचा नट दिसावा म्हणून. नवा राजा पहिल्याच प्रवेशात घसरायचा आणि खाली पिटात, पुढच्या रांगांत बसलेले लोक त्याची वाटच बघत असायचे. बायकांच्या गॅलरीतल्या शेवटच्या बाकामागं एक खिडकी होती, तिच्यातून मोठ्या देवळाचं शिखर दिसायचं. नाटक रटाळ असलं की बायका तिकडं तोंड करून बसत.

तेव्हा माइक नव्हता. हजारभर माणसांत गळ्यावरच गायचं. त्यासाठी रंगमंचाखाली खड्डा होता, माणूस वाकून चालेल एवढा, आणि त्यात मातीचे घडे टांगलेले. वेण्णार नदीच्या मातीचे, काथ्याच्या दोरीनं, तोंड वर. आवाज त्यांत घुमतो आणि लांब जातो असं म्हणायचे. घडा जमिनीला टेकता कामा नये, तडकलेला असता कामा नये, आत उंदराचं घरटं असता कामा नये. हे बघायचं काम माझ्या वडिलांचं, मग माझं. पडदे, फळ्या, घडे. मी त्या रंगमंचाचा माणूस होतो.

मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष, लागायच्या आधी, नाटकांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, घडे तपासायचे. त्याची रीत गिरणीवाल्यानंच घालून दिलेली. मी खड्ड्यात उतरून एकेका घड्याजवळ साध्या आवाजात काहीतरी बोलायचं, ओरडायचं नाही. आणि घरातल्या बाईनं बायकांच्या गॅलरीत शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं. गिरणीवाला म्हणायचा, जिचं तिकीट सगळ्यांत स्वस्त तिला ऐकू आलं म्हणजे सगळ्यांना आलं. वडिलांच्या वेळी अम्मा बसायची. माझ्या वेळी माझी बायको, तुळसा.

तुळसाचा पितळेचा पानाचा डबा होता, जड झाकणाचा. ती तो उघडा ठेवून बसायची. माझं बोलणं नीट पोचलं की झाकण मिटायची — टक्. तो आवाज रिकाम्या थिएटरात खाली माझ्यापर्यंत यायचा. मग मी पुढच्या घड्याकडे. झाकण वाजलं नाही तर नाही पोचलं. दोरी सैल कर, घडा फिरव, पुन्हा बोल.

पहिल्या वर्षी मी एक-दोन-तीन म्हणत होतो. वर गेलो तर म्हणाली, "आकडे काय ऐकवता? मी काय वाण्याकडं बसलेय?"

"मग काय बोलू?"

"माझ्याशी बोला. घरी कुठं बोलता?"

मग मी घरचंच बोलायला लागलो. वांगी आणलीत, त्यातली काही किडकी निघाली. टक्. तुझ्या बहिणीचा नवरा आज पुन्हा भेटला, पुन्हा तेच बोलला. टक्. वर गेलो की ती पहिलं विचारायची, "किडकी होती तर घेतली कशाला?" म्हणजे शब्द न् शब्द पोचलेला असायचा.

एकदा मी खड्ड्यात बसून म्हटलं, "ही आंब्याच्या रंगाची साडी तुला बरी दिसते." समोरासमोर मला असलं येत नाही. झाकण वाजलं नाही. घडा फिरवून पुन्हा म्हटलं. नाही. मग मी जवळजवळ ओरडलो, तेव्हा वाजलं. वर जाऊन म्हटलं, तो घडा बदलायला पाहिजे. ती पान जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "घडा चांगला आहे हो. पहिल्यांदाच पोचलं होतं."

असली होती.

पुढं माइक आले. मग नाटकं गेली. मग लग्नं, पुढाऱ्यांची भाषणं, मग कुलूप. माइक आल्यावर घड्यांचं काम कुणाला नव्हतं, तरी कुलूप लागेपर्यंत आम्ही दोघं दरवर्षी जात होतो. जेवणाच्या डब्यात चिंचेचा भात, एक दिवस तिथंच. कुणी अडवलं नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. तमिळ लोकही म्हणत नाहीत. 'जाऊन ये' म्हणायचं. तुळसाचं त्या बाबतीत फार कडक. बहिणीकडे ओरत्तनाडूला जायचं असलं तरी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहायची, मी म्हणेपर्यंत. एकदा मी मागं विहिरीवर होतो, मला माहीतच नाही. ती उभीच. बस गेली. मी आलो तर मलाच म्हणते, "निरोप द्यायला पण मुहूर्त लागतो का तुम्हाला?"

गेल्या वर्षी तिच्या डोक्यात रक्त साकळलं. दवाखान्यात पडली ती डोळे मिटूनच. तोंडात नळी. डॉक्टर म्हणाला, आता त्यांना काही ऐकू येत नाही. पण जीव जाईना. तिची बहीण, तिला सगळे अक्का म्हणतात, मला बाहेर घेऊन म्हणाली, "ती उंबऱ्यात उभी आहे भावोजी. तुम्ही म्हणा."

मी आत गेलो. कानाशी वाकून म्हटलं, "जाऊन ये."

पापणी हलली नाही. बोट हललं नाही. मी हात धरून थांबलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

सगळं रीतसर केलं. पण माझ्या मनात एकच अडकलं — पोचलं की नाही? माझ्या शब्दावर गेली, की वाट बघून बघून तशीच निघाली? मालतीला विचारलं तर रडायला लागली. डॉक्टरला विचारलं तर त्यानं मशीनचं सांगितलं. मी जेवायला बसलो की उंबऱ्याकडे नजर जायची. घास उतरत नव्हता. नेसलेली वेष्टी कमरेवर राहीना इतका उतरलो.

या वर्षी थिएटर दुरुस्त करायला काढलं. चेन्नैहून एक आर्किटेक्ट मुलगी आली, कयल नावाची. हुशार पोर. मला घरून घेऊन गेली, म्हणाली, ताता, म्हणजे आजोबा, जुनं कसं होतं ते दाखवा. मी दाखवलं. तिनं खड्ड्यात माइक लावले, गॅलरीत माइक लावले, घडे असताना मोजलं, घडे काढून मोजलं, मग परत टांगले. चार दिवसांनी माझ्याशेजारी पायरीवर फिल्टरची कापी घेऊन बसली, पण पेला तोंडाला लावेना.

"काय झालं? बोल."

"ताता, रागावू नका. घड्यांनी काही फरक पडत नाही. आवाज जातो तो त्या वाकवलेल्या छतामुळं. घडे नसते तरी शेवटच्या बाकापर्यंत गेला असता."

"आणि दोऱ्या सैल करत होतो ते?"

"त्यानंही नाही."

मी कापी संपवली. म्हटलं, "माझ्या बायकोला हे सांगितलं असतंस तर तिनं तुला हाकललं असतं." ती हसली. मला मात्र रागबिग आला नाही. दरवर्षी बायकोबरोबर दिवसभर बसायला मिळालं. त्याला घडे लागले, एवढंच.

खड्ड्यातून आता वायरी जाणार. थोडे घडे काचेत ठेवणार, बाकीचे काढणार. काढायच्या दिवशी कयलनं मला बोलावलं. सकाळचे दहा-अकरा असतील, ऊन कौलांच्या आणि छताच्या फळ्यांच्या फटींतून खाली आलेलं. नीट ऐका — बायकांच्या गॅलरीतले बाक आधीच काढून नेले होते. वाळवी लागलेला जिनाही काढला होता. वर जायला वाट नव्हती. नुसत्या उघड्या तुळया. मजूर बाहेर चहाला गेलेले. आत कयल आणि मी. तिचं मशीन चालूच होतं, शेवटचं एकदा सगळ्या घड्यांसकट मोजायचं म्हणून.

"ताता, काहीतरी बोला खालून. नेहमीसारखं."

मी उतरलो. गुडघे दुखतात, हळूहळू गेलो. घड्यावर हात ठेवला. मातीचा गारवा तसाच. वांग्यांचं बोलावं, तर आता ती आणू कुणासाठी? मग तोंडातून तेच आलं. साध्या आवाजात.

"जाऊन ये गं."

काही नाही. बाहेर चिमण्या, लांब एक ऑटो. मी मनाशी म्हटलं, बघ, हेच. इथंही हेच. घडा फिरवायला हात गेला... फिरवला. आता मला माहीत होतं त्यानं काही होत नाही, तरी फिरवला. आणि जरा मोठ्यानं म्हटलं,

"तुळसा, नीट जाऊन ये."

टक्.

लाकडाचा नव्हे. कौल पडल्याचा नव्हे. ते सगळे आवाज मी जन्मभर ऐकलेत. पितळेवर पितळ, जड झाकण, आणि आला तो तिथूनच — मागून, वरून, खिडकीच्या बाजूनं.

डोक्यावरच्या रंगमंचावरून कयलचा आवाज आला, "ताता, गॅलरीत कोण आहे?"

"तू ऐकलंस?"

"डबा मिटल्यासारखं काहीतरी... पण वर कुणी जाऊच शकत नाही."

मी तिला डब्याचं कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. ते आमचं दोघांचं होतं.

ती बाहेर पळत गेली, गल्लीतून बघून आली. कुणी नाही. मग मशीन लावून ऐकवलं. माझं पहिलं बोलणं आहे. चिमण्या आहेत. ऑटो आहे. माझं दुसरं बोलणं आहे. त्यानंतर काही नाही. शांत. तिनं तीनदा लावलं. मग कानावरचं यंत्र काढून ठेवलं. "मी ऐकलं ताता," एवढंच म्हणाली. "मशीनमध्ये का नाही ते मला सांगता येत नाही."

घरी येऊन अक्काला फोन केला. डबा ती घेऊन गेली होती.

"डबा कुठं आहे?"

"ट्रंकेत, साड्यांखाली. का? आता या वयात पान सुरू करताय?"

"कुणी काढला होता का आज?"

"किल्ली माझ्या कमरेला आहे भावोजी. काय झालं? जेवलात का?"

"जेवतो," म्हटलं, आणि खरंच भात लावला. सगळा संपवला. उंबऱ्याकडे बघितलं, पण उभं कुणी वाटलं नाही.

मालती म्हणते, मनाचे खेळ असतील. असतील. पण मग त्या पोरीचंही मन माझ्याबरोबर कसं खेळलं? वाळलेल्या सागवानाचा आवाज असेल, म्हणा. सागवान मला शिकवू नका. तुमच्यात कुणाला कारण माहीत असलं तर लिहा, मालती वाचून दाखवेल. मला माहीत नाही आणि शोधायला मी कुठं जाणारही नाही.

एकच विचारायचं राहिलं तुळसाला — दोनदा का म्हणायला लावलंस? दवाखान्यात मी एकदाच म्हटलं होतं आणि झाकण वाजलं नाही म्हणून वर्षभर जळत बसलो. मला आता वाटतं, तेव्हाही पहिल्यांदाच पोचलं होतं. तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं.